एक जूनचा रोगी

रुग्णालयातील नोंदी ठेवणारी संगणकाची प्रणाली कशी असावी, ह्या विषयावर एका निवृत्त शाळामास्तराने भाषण करावे, हे आपणांपैकी पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे शिक्षकाचा शिक्षणक्रम पुरा करून घाटकोपरच्या बाजूस पालिकेच्या प्राथमिक शाळेत सदतीस वर्षे मुले शिकविली, आणि आता मुलुंडास घरी बसून नातवंडांचे पाढे घेतो. वैद्यकशास्त्र मला ठाऊक नाही. संगणकाची भाषा तर त्याहूनही नाही. तेव्हा लहान तोंडी मोठा घास घेतल्याचा आरोप माझ्यावर आला, तर तो मला नाकारता येणार नाही. तथापि ह्या विषयाशी माझा एक जुना आणि, खरे सांगावयाचे तर, अपराधाचा संबंध आहे. ती हकीकत प्रथम सांगतो. म्हणजे पुढचे बोलणे कोणत्या अधिकाराने चालले आहे ते आपल्या ध्यानात येईल.

आपल्या घरात साठी-सत्तरी गाठलेले कोणी वडील माणूस असेल, तर त्यांच्या आधार कार्डावरील जन्मतारीख पाहा. ती १ जून असण्याचा बराच संभव आहे. महाराष्ट्रात १ जून रोजी जन्मलेल्या माणसांची संख्या इतर कोणत्याही दिवसापेक्षा फार मोठी दिसते. ह्यात ग्रहांचा संबंध नाही, आम्हां मास्तरांचा आहे. शाळा जून महिन्यात उघडत. मूल दाखल करून घ्यावयाचे तर त्या वेळी त्याचे वय पुरे झालेले असले पाहिजे. आईबाप गावाकडून आलेले; जन्माचा दाखला कोणाजवळ नसे. मुलाचा जन्म केव्हाचा, असे विचारले म्हणजे आई म्हणे, “गुरुजी, मोठा पूर आला ना, त्या साली झाला.” दुसरी म्हणे, “ह्याच्या आधीचं पोर गेलं, त्याच्या पुढल्या भातलावणीला.” आता शाळेच्या जनरल रजिस्टरात पुराचा किंवा भातलावणीचा रकाना नसतो. तेथे जन्मतारीख अंकी व अक्षरी लिहावी लागते. मग मुलाच्या उंचीकडे पाहून, दातांकडे पाहून, आम्ही वर्ष ठरवीत असू, आणि दिवस व महिना घालीत असू १ जून. अक्षर वळणदार, शाई काळी, खाडाखोड मुळीच नाही. पाहणारास वाटावे, की मास्तर त्या मुलाच्या बारशास स्वतः हजर होते!

१९८५ सालच्या जूनमध्ये डोंगरावरच्या वस्तीतून दोन मुलगे माझ्या वर्गात आले. दोघांचे नाव एक, वडिलांचे नाव निराळे, आडनाव एक. नात्याने मात्र एकमेकांचे कोणी नव्हेत. दोघांच्याही जन्माचा दाखला नव्हता. मी दोघांच्याही नावापुढे एकच तारीख लिहिली : १ जून १९७९. वर्गात त्यांना ‘मोठा’ आणि ‘धाकटा’ म्हणून हाक मारीत असू, म्हणून तेथे घोटाळा कधी झाला नाही.

घोटाळा झाला तो चाळीस वर्षांनी. त्यांतल्या धाकट्यास लालबहादूर शास्त्री मार्गावर रिक्षाची धडक बसून पायास मोठी जखम झाली. त्याला उपनगरातील एका रुग्णालयात नेले. ते रुग्णालय कोणते हे मी सांगणार नाही. ते सांगण्याचे कारणही नाही, कारण जे तेथे घडले ते कोठेही घडू शकते. त्या माणसास पेनिसिलिनच्या जातीची औषधे सोसत नाहीत. पूर्वी एकदा त्याच रुग्णालयात त्याचे अंग सुजून श्वास कोंडला होता, आणि त्याची नोंद तेथील संगणकात रीतसर केलेली होती. खिडकीवरच्या कारकुनाने नाव घातले, जन्मतारीख घातली. स्क्रीनवर दोन ओळी आल्या, दोन्ही अक्षरशः सारख्या. मागे पन्नास माणसांची रांग. त्याने वरची ओळ निवडली. ती ‘मोठ्या’ची होती. त्याला कोणतेही औषध बाधत नसल्याने त्याच्या पानावर तसे काही लिहिलेले नव्हते. वॉर्डातील सिस्टरने तोच कागद पाहून इंजेक्शन भरले, परंतु भरता भरता, केवळ सवयीने, तिने त्याच्या बायकोस विचारले, “बाई, ह्यांना कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का हो?” त्या एका प्रश्नाने माणूस वाचला.

बरा झाल्यावर गुरुपौर्णिमेस तो माझ्याकडे आला. पाया पडला आणि हसत म्हणाला, “गुरुजी, तुम्ही आम्हांला जुळे केलेत!” तो हसला, मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

दोष कोणाचा, ह्याचा मी शिक्षकाच्या पद्धतीने, म्हणजे एकेकास उभे करून, विचार केला. कारकुनाचा म्हणावा, तर दोन सारख्या ओळींतून खरी ओळखण्यास त्याच्यापुढे काहीच नव्हते. ना वडिलांचे नाव, ना पत्ता, ना छायाचित्र. हे सारे संगणकात होते. पण आणखी दोन बटणे दाबल्यावाचून दिसत नव्हते. सिस्टरचा दोष तर नव्हेच, तिचे उपकार. राहिलो मी, आणि ज्यांनी ते पान आखले ते. आमच्या दोघांच्या हातून एकच चूक झाली होती. मी अंदाजास निश्चित तारखेचा पोशाख चढविला, आणि त्यांनी रकाना असा केला, की त्यात निश्चित तारखेवाचून दुसरे काही शिरूच नये. श्रोतेहो, जो रकाना माणसास ‘नक्की ठाऊक नाही’ असे म्हणू देत नाही, तो रकाना त्याला खोटे लिहावयास लावतो. मला आज जे सांगावयाचे आहे, त्याचे बीज ह्या एका वाक्यात आहे.

आमच्या सूनबाई अंधेरीस एका कचेरीत संगणकाच्या प्रणाली लिहिण्याचे काम करतात. त्यांच्यापाशी मी ही हकीकत काढली. त्यांनी आपला लॅपटॉप उघडला आणि मला एक पान दाखविले. त्यात रोग्याच्या जन्मतारखेचा रकाना होता; शेजारी वय नुसते वर्षांत लिहिण्याची सोय होती; आणि त्यालगत एक लहानसा चौकोन होता. तेथे खूण केली, म्हणजे ही तारीख अंदाजाची आहे असे संगणक कायमचे लक्षात ठेवतो. एवढासा चौकोन! माझ्या रजिस्टरात तो असता, तर महाराष्ट्रातील निम्मे एक जून वाचले असते. मी विचारले, “हा चौकोन कोणाला सुचला?” त्या म्हणाल्या, “बाबा, ही ‘ओपन एमआरएस’ नावाची प्रणाली. ही कोणा एकाची नाही. जिथे जिथे लोकांना आपली जन्मतारीख ठाऊक नसते, तिथल्या माणसांनी मिळून ती केली आहे.”

मग त्यांनी मला जे समजावून दिले, ते माझ्या शब्दांत सांगतो. संगणकाची प्रणाली म्हणजे एक प्रकारची पाककृती होय. बाजारातून लोणच्याची बरणी आणली, तर आपणांस लोणचे मिळते, कृती मिळत नाही. मीठ जास्त झाले तरी खावे, नाहीतर दुसरी बरणी आणावी. बहुतेक रुग्णालयांतील प्रणाली अशा बंद बरणीतल्या असतात. एकदा विकत घेतली, की पदरी पडले आणि पवित्र झाले. एक रकाना वाढवावयाचा तर कंपनीस पत्र लिहा, तिच्याकडून खर्चाचा अंदाज मागवा, मंजुरी मिळवा, आणि पुढील वर्षाची वाट पाहा. ह्याच्या उलट, काही लोक लोणच्याबरोबर कृतीही देतात. कोणीही ती वाचावी, आपल्या घरच्या चवीप्रमाणे बदलावी, आणि बदल चांगला वाटला तर इतरांसही द्यावा. ह्यालाच ओपन सोर्स किंवा खुली प्रणाली म्हणतात. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली असल्या मुक्त प्रणालींचा उपक्रम जाहीर केला. आज जगातील बहुसंख्य मोठे संगणक अशाच खुल्या पायावर चालतात.

ह्या ओपन एमआरएसचा जन्म २००४ सालचा. आफ्रिकेत केनिया देशात एल्डोरेट म्हणून शहर आहे. तेथे त्या काळी एड्सच्या रोग्यांची संख्या झपाट्याने वाढत होती. हा रोग असा, की औषध जन्मभर घ्यावयाचे; म्हणजे नोंदही जन्मभर राहिली पाहिजे. अमेरिकेतील रीजनस्ट्रीफ इन्स्टिट्यूट ह्या संस्थेतील बर्क मॅम्लिन व पॉल बायोंडिच हे डॉक्टर त्या कामी साहाय्य करीत होते. जुनी व्यवस्था पुरी पडत नाही असे पाहून त्यांनी नवी प्रणाली मांडली. गरीब देशांत दवाखाने चालविणारी पार्टनर्स इन हेल्थ ही संस्था त्यांस येऊन मिळाली. २००६ सालच्या फेब्रुवारीत एल्डोरेटला ती सुरू झाली, त्याच वर्षी रुआंडा देशात गेली, आणि पुढे अनेक देशांत पसरली.

तिच्या रचनेतील दोन गोष्टी मला, शाळेचे रजिस्टर सांभाळलेल्या माणसास, विशेष पटल्या. पहिली ही, की तीत एकदा केलेली नोंद सहसा पुसून टाकीत नाहीत. चुकली तर ती रद्द केली, कोणी केली, केव्हा केली आणि का केली, हे लिहून ठेवितात. आमच्याकडे तांबड्या शाईने एक रेघ मारून शेजारी सही करावी लागे, खालचे अक्षर मात्र वाचता आले पाहिजे. त्याचाच हा अवतार. दुसरी अशी, की रोग्यास काय काय विचारावयाचे, ते प्रणालीच्या पोटात गाडून टाकलेले नाही. त्याचा एक निराळा कोश केलेला आहे. नवा रोग आला, नवी तपासणी निघाली, तर त्या कोशात एक शब्द वाढवावयाचा. घर पाडून पुन्हा बांधावे लागत नाही.

आता कोणी म्हणेल, की आफ्रिकेची गोष्ट मुलुंडात कशास? तर मग आपल्या देशातले उदाहरण घेऊ. छत्तीसगडात बिलासपूरजवळ गनियारी नावाचे गाव आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शिकलेल्या काही डॉक्टरांनी शहरातील पैसा सोडून १९९९ च्या सुमारास तेथे ‘जनस्वास्थ्य सहयोग’ ह्या संस्थेचे काम मांडले. भोवती जंगल, वस्ती आदिवासींची, रोगी दूरदूरच्या खेड्यांतून चालत येणारे. ह्या डॉक्टरांच्या सहवासात, त्यांचे काम पाहून, थॉटवर्क्स ह्या कंपनीच्या लोकांनी २०१२-१३ च्या सुमारास एक प्रणाली घडविली. तिला त्याच भागातील एका खेड्याचे नाव दिले : ‘बाह्मनी’. तिच्यात तीन खुल्या प्रणाली एकत्र गुंफल्या आहेत. रोग्याच्या नोंदीसाठी ओपन एमआरएस, प्रयोगशाळेसाठी एक, आणि पावती व औषधांच्या साठ्यासाठी एक. वापरणारास मात्र तिन्ही मिळून एकच वाटावी, अशी योजना आहे. ही प्रणाली नेपाळच्या डोंगराळ भागातील रुग्णालयातही गेली. छत्तीसगडातील एका खेड्याचे नाव घेऊन हिंडणारी वस्तू परदेशांतील डॉक्टरांच्या हाती असावी, ही गोष्ट मला मोठी समाधानाची वाटते.

परंतु श्रोतेहो, कृती खुली असली म्हणजे लोणचे चांगले झालेच, असे नाही. ह्या विषयाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. तो म्हणजे पान आखण्याची कला. स्क्रीनवर काय दिसावे, कोठे दिसावे, किती मोठे दिसावे, आणि काय दिसू नये, हे ठरविणे होय. आपणांस वाटते हे सजावटीचे काम आहे. वस्तुतः हे जीवनमरणाचे काम आहे.

अमेरिकेत रॉस कॉपेल ह्या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या रुग्णालयातील औषधे लिहिण्याच्या प्रणालीचा अभ्यास करून २००५ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. चुका टाळण्यासाठी आणलेल्या त्या प्रणालीनेच चुकांना वाट करून देण्याचे २२ प्रकार त्यांस आढळले. एका रोग्यास कोणती कोणती औषधे चालू आहेत हे सबंध पाहावयाचे, तर काही वेळा वीस पाने उघडावी लागत. कागदाच्या केसपेपरवर जे एका दृष्टिक्षेपात दिसे, त्यासाठी वीस दरवाजे ठोठवावयाचे! लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय ह्या नामांकित रुग्णालयात तर २००३ साली शेकडो डॉक्टरांनी तक्रार केल्यावर असली नवी प्रणाली बंद ठेवावी लागली. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी त्यांची अवस्था झाली असेल.

दुसरा एक दोष पाहा. क्लेमंट मॅक्डॉनल्ड ह्या डॉक्टरांनी १९७६ साली प्रयोगाने दाखविले, की संगणकाने वेळेवर आठवण दिली तर डॉक्टरांच्या हातून राहून जाणाऱ्या गोष्टी कमी होतात. गोष्ट खरी होती. पण पुढे प्रणाली करणारांनी प्रत्येक बारीकसारीक गोष्टीस सूचना देण्याचा सपाटा लाविला. परिणाम काय झाला? २००६ साली झालेल्या एका समालोचनात असे दिसून आले, की औषधांविषयीच्या ह्या सूचनांपैकी ४९ ते ९६ टक्के सूचना डॉक्टर बाजूस सारून पुढे जातात. आम्हां शिक्षकांस ह्याचे नवल नाही. जो मास्तर तासभर ‘गप्प बसा, गप्प बसा’ म्हणत राहतो, त्याच्या वर्गात सर्वांत जास्त गोंगाट असतो. जो क्वचित बोलतो, त्याच्या एका शब्दाने वर्ग शांत होतो. संगणकानेही क्वचित बोलावे. बोलेल तेव्हा मात्र कोणी ते टाळू नये.

चांगले पान कसे असते, ह्याचेही एक उदाहरण देतो. २०१४-१५ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली. सिएरा लिओनमध्ये केरी टाउन येथे उपचारकेंद्र उघडले होते. रोग्यांच्या विभागात गेलेला कागद बाहेर आणता येत नसे, कारण कागदाबरोबर रोग येई. डोळ्यांवर चष्मे, हातांत दुहेरी मोजे, अंगावर घामाने थबथबलेला पोशाख, अशा स्थितीत नोंदी करावयाच्या होत्या. तेव्हा ओपन एमआरएसची कृती घेऊन थोड्याच महिन्यांत निराळी प्रणाली करण्यात आली. ती टॅबलेटवर चाले. तो टॅबलेट जंतुनाशकाने धुता येई. पानावर बटणे मोठी, टंकलेखन शक्य तितके कमी. मोजे घातलेला हात डोळ्यांपुढे ठेवून ते पान आखलेले होते. बंद बरणीतून हे इतक्या त्वरेने निघते, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे मोजे घातलेला हात कोणता? खिडकीवरच्या कारकुनाचा घाईत असलेला हात. रात्रपाळीच्या सिस्टरचा थकलेला हात. आणि मराठीवाचून दुसरे न वाचणाऱ्या आशाताईचा हात. ह्या तिसऱ्या हाताविषयी मला थोडे स्वानुभवाने बोलता येईल. सूनबाईंनी अशाच एका खुल्या प्रणालीतील मराठी शब्द तपासण्यास माझ्यापुढे ठेविले. ह्या प्रणालींत पानावरील शब्दांची यादी वेगळ्या फाइलीत असते, म्हणून मजसारख्या अनभिज्ञासही त्यात हात घालता येतो. त्या यादीत ‘डिस्चार्ज’ ह्या शब्दाला कोणीतरी ‘रुग्ण विसर्जन’ असे लिहिले होते! मी म्हटले, विसर्जन गणपतीचे करतात, आणि ते पुन्हा पुढल्या वर्षी येतात; रोग्यास तसे कशाला सांगता? तेथे ‘घरी सोडले’ असे घातले. ‘केसपेपर’, ‘सलाईन’, ‘एक्स-रे’ हे शब्द आहेत तसेच ठेविले, कारण वॉर्डातील मावशीबाईंच्या तोंडी तेच आहेत. जो शब्द तोंडात आहे, त्यावरच डोळा चटकन बसतो.

आणखी एक अडचण अक्षरांची. इंग्रजी अक्षराच्या मापाने बटण कापले, म्हणजे आमच्या देवनागरीची वेलांटी व मात्रा वरून छाटली जाते आणि उकार खालून. ‘पू’चा ‘प’ झाला तर कवितेत एक वेळ चालेल, जखमेच्या वर्णनात चालणार नाही. ह्या बाबतीत आपली उपनगरे मागे नाहीत, हे सांगावयास आनंद वाटतो. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, जे २००३ साली सी-डॅकमध्ये विलीन झाले, सुलेखनकार र. कृ. जोशी ह्यांनी देवनागरीसाठी ‘रघु’ हा टंक घडविला, आणि तो खुल्या परवान्याने सर्वांस मिळाला. पवईस आय.आय.टी.च्या आय.डी.सी. ह्या अभिकल्प विद्यालयाने २०१३ साली ‘स्वरचक्र’ काढले. मोबाइलवर ‘क’ दाबला, की त्याच्याभोवती का, कि, की, कु अशी बाराखडी चक्राकार उमटते. बोट तिकडे सरकवावयाचे, की अक्षर तयार. ज्याने आमच्या शाळेत बाराखडी घोकली आहे, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. माणसाच्या अंगी जे ज्ञान आधीच आहे त्यावर रचना उभारणे, हेच पान आखण्याच्या कलेचे रहस्य मला दिसते.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. प्रणाली खुली, तर माझा रोगही सर्वांस खुला काय? नव्हे. कृती सर्वांस ठाऊक असली, म्हणून आपल्या कपाटातील बरणी शेजाऱ्याच्या हाती जात नाही. कुलुपाची रचना पुष्कळांनी तपासलेली असावी, आणि किल्ली मात्र आपणाजवळ असावी, ही खरी सुरक्षितता होय. किल्ल्या नीट ठेवणे हे रुग्णालयाचे कर्तव्यच आहे, आणि व्यक्तीच्या माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदाही केला आहे. दुसरी शंका खर्चाची. खुली म्हणजे फुकट, असे समजून कोणी रुग्णालय ती आणून बसवील, तर फसेल. झाड फुकट मिळाले तरी पाणी घालणारा माळी पगारी लागतो. प्रणाली बसविणे, शिकविणे, बिघडल्यास रात्री येऊन पाहणे, ह्यांस माणसे व पैसा दोन्ही लागतात. फरक इतकाच, की माळी कोण असावा हे आपण ठरवू शकतो, आणि एक माळी सोडून गेला म्हणून झाड वाळत नाही.

तिसरी शंका अशी, की २०२१ पासून सरकारने आयुष्मान भारत डिजिटल अभियानात प्रत्येकास चौदा अंकी आभा क्रमांक देऊ केला आहे. मग दोन एक जूनवाल्यांचा घोटाळा आपोआप मिटणार नाही काय? पुष्कळसा मिटेल, आणि तो क्रमांक अवश्य घ्यावा. मुलुंडचा रोगी शीवला जातो, शीवचा परळास जातो, आणि त्याचा इतिहास प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रेच्या कागदांबरोबर त्याच्या बायकोच्या काखेत जातो. ही पिशवी जाईल तर उत्तमच. परंतु अपघातात सापडलेला मनुष्य चौदा अंक सांगू शकत नाही. त्या वेळी नावावरूनच शोध होणार, दोन ओळी पुन्हा पुढे येणार, आणि त्यांतली खरी कोणती हे पान आखणाराने आधी केलेल्या विचारावरच अवलंबून राहणार.

तेव्हा आपण, जे ना डॉक्टर ना संगणकवाले, त्यांनी काय करावे? तीन गोष्टी सुचवितो. घरातील वडील माणसांची खरी जन्मतारीख ठाऊक नसेल, तर खिडकीवर वय सांगताना ‘अंदाजे’ हा शब्द लाज न बाळगता उच्चारावा, आणि सोबत वडिलांचे किंवा पतीचे नाव सांगावे. न सोसणाऱ्या औषधांची नावे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पाकिटात ठेवावी. संगणक कितीही चांगला झाला तरी हा कागद टाकून देऊ नये. आणि आपणांपैकी जे निवृत्त शिक्षक, कारकून, परिचारिका असतील, ज्यांनी आयुष्यभर रकाने भरले आहेत, त्यांनी आपल्या मुलांना, सुनांना विचारावे, की अशा एखाद्या खुल्या प्रणालीत आमच्या हातांस काही काम आहे काय? काम आहे. कोणता रकाना माणसास खोटे लिहावयास लावतो, हे रकाना भरणारास जितके ठाऊक असते तितके आखणारास नसते.

माझे ते दोन विद्यार्थी आता पन्नाशीकडे झुकले आहेत. परवा धाकट्याची आई गावाहून आली होती. ऐंशीच्या घरातील म्हातारी. मी तिला पुन्हा एकदा विचारले, “बाई, हा झाला केव्हा?” ती बराच वेळ आठवत राहिली, मग म्हणाली, “शिमगा नुकता झाला होता, गुरुजी. अंगणात होळीची राख होती.” म्हणजे मार्च महिना. मी ते एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या हाती दिले, आणि मार्चपुढे, चाळीस वर्षे उशिरा का होईना, कंसात ‘अंदाजे’ असे घातले.